मागच्या सीटवरचा बेल्ट आणि पुढच्या माणसाची पावती

गाडीत चार जण आहेत. चालवणाऱ्याने बेल्ट लावलाय, त्याच्या शेजारच्यानेही लावलाय. मागे बसलेल्या दोघांनी मात्र लावलेला नाही. टोलनाक्याच्या पुढे हवालदार हात करतो आणि गाडी बाजूला घ्यायला सांगतो. पावती कोणाच्या नावाने फाटणार?

बहुतेकांचं उत्तर असतं, ज्यांनी बेल्ट लावला नाही त्यांच्या. कायद्यात लिहिलंय ते असं: गाडी चालवणाऱ्याच्या. त्याने स्वतः बेल्ट लावला होता की नव्हता, याचा इथे संबंध येत नाही. तो लावला नसता तरी दंड होताच, आणि लावूनही मागचे तसेच बसले म्हणून दंड आहेच.

हे कुठे लिहिलंय ते पाहू. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये २०१९ साली मोठी दुरुस्ती झाली आणि त्यातून कलम १९४ब आलं. १ सप्टेंबर २०१९ पासून ते लागू आहे. त्याच्या पहिल्या पोटकलमाचा आशय सरळ मराठीत असा: जो कोणी बेल्ट न लावता वाहन चालवेल, किंवा बेल्ट न लावलेल्या प्रवाशांना वाहनातून नेईल, त्याला एक हजार रुपये दंड. हे वाक्य सावकाश वाचा. त्यात दोन गुन्हे आहेत, पण गुन्हेगार एकच आहे. स्टिअरिंगमागे बसलेला. प्रवासी या वाक्यात येतो तो फक्त नेला जाणारा म्हणून.

आता कोणी म्हणेल, मग प्रवाशावर काहीच बंधन नाही का? आहे, पण ते दुसरीकडे आहे आणि जरा धूसर आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १३८(३) सांगतो की ज्या गाडीत बेल्ट बसवलेले आहेत, तिथे गाडी चालू असताना चालक, पुढच्या सीटवरची व्यक्ती आणि समोर तोंड असलेल्या मागच्या सीटवरच्या व्यक्ती बेल्ट लावतील याची खात्री केली जावी. कोणी करावी खात्री? नियम नाव घेत नाही. नियम मोडला आणि त्याला वेगळी शिक्षा सांगितलेली नसली, तर कलम १७७ हे सर्वसाधारण कलम लागतं. २०१९ च्या आधी त्याखाली पहिल्या वेळचा दंड शंभर रुपयांपर्यंत होता, आता पाचशे. त्याचा आधार घेऊन 'प्रवाशानेही नियम मोडला' असा युक्तिवाद करता येतो. माझ्या मते तो अगदीच पोकळ नाही. पण १९४ब सारखं ठसठशीत कलम हाताशी असताना पोलीस या आडवळणाने कशाला जातील? म्हणून व्यवहारात बोजा पडतो तो चालवणाऱ्यावर.

दंड माणशी की गाडीमागे, असाही प्रश्न येतो. मागे तिघे बेल्टशिवाय बसले तर तीन हजार? कलमात तसं म्हटलेलं नाही. शेजारचंच कलम १९४अ पाहिलं तर फरक कळतो. टॅक्सी, जीप, बस अशा वाहनांत परवान्यापेक्षा जास्त माणसं कोंबली तर तिथे दर जादा प्रवाशामागे दोनशे रुपये असं स्पष्ट लिहिलंय. ज्यांना माणशी दंड हवा होता त्यांनी तिथे तसं लिहिलं, १९४ब मध्ये लिहिलं नाही. त्यामुळे एका वेळचा एक दंड, हे वाचन मला जास्त सरळ वाटतं.

आणखी एक. हजार रुपये हा कायद्यातला आकडा झाला. जागेवर तडजोडीने मिटवण्याची रक्कम कलम २०० खाली राज्य सरकार ठरवतं, म्हणून राज्याची हद्द ओलांडली की पावतीवरचा आकडा बदलू शकतो. गुजरातने २०१९ मध्येच बेल्टचा दंड पाचशेवर आणला होता. नवे दंड लागू करायला सुरुवातीला महाराष्ट्रानेही हात आखडता घेतला होता. आणि एक गंमत: कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्या यंत्रणेतल्याच कोणी हा गुन्हा केला, तर कलम २१०ब नुसार त्याला दंड दुप्पट. पोलिसांच्या गाडीत मागे बसलेले बेल्ट लावतात का, हे ज्याने त्याने रस्त्यावर बघून ठरवावं.

कॅमेऱ्याने टिपलेलं ई-चलान गाडीच्या नंबरवर येतं, म्हणजे मालकाच्या मोबाइलवर. गाडी तेव्हा दुसरं कोणी चालवत असेल तर कलम १३३ प्रमाणे पोलिसांनी विचारल्यावर चालकाचं नाव आणि परवान्याची माहिती देणं मालकाचं काम आहे. ते दिलं नाही की पावती मालकाच्याच गळ्यात राहते.

मागच्या सीटचं दुर्लक्ष

मागच्या सीटचा बेल्ट आपल्याकडे नियमात आला त्याला दोन दशकं झाली. तरी २०१४ पर्यंत त्याचं नावही कोणी काढत नव्हतं. ३ जून २०१४ ला सकाळी दिल्लीत केंद्रीय ग्रामविकास मंत्री गोपीनाथ मुंडे यांच्या गाडीला दुसऱ्या गाडीची धडक बसली. मुंडे मागच्या सीटवर होते. मंत्रिपदाची शपथ घेऊन त्यांना जेमतेम आठवडा झाला होता. परळीपासून मुंबईपर्यंत लोक सुन्न झाले, आणि तेव्हाचे आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन मागच्या सीटच्या बेल्टबद्दल जाहीरपणे बोलले. चर्चा काही आठवडे टिकली.

मग आला ४ सप्टेंबर २०२२. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. गाडी महागडी, एअरबॅगांनी सज्ज. पुढे बसलेले दोघे वाचले. मागे बसलेले दोघे, मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी, गेले. दोघांनीही बेल्ट लावला नव्हता. पुढच्याच महिन्यात मुंबई वाहतूक पोलिसांनी जाहीर केलं की १ नोव्हेंबर २०२२ पासून शहरात चालकासह सर्व प्रवाशांना बेल्ट सक्तीचा, आणि कारवाई १९४ब(१) खाली. तेव्हा अनेकांना वाटलं की नवा कायदा आला. कायदा तीन वर्षं जुना होता. नियम त्याहून कितीतरी जुना.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालात बेल्ट न लावल्यामुळे १६,७१५ जणांचा मृत्यू झाल्याची नोंद आहे. त्यात चालक ८,३८४ आणि प्रवासी ८,३३१. आकडे जवळजवळ सारखे. बेल्ट म्हणजे चालवणाऱ्याची गोष्ट, असं जे डोक्यात पक्कं बसलंय ते या एका ओळीने हलायला हवं.

चालकालाच का धरलं?

प्रौढ माणूस मागे बसलाय, त्याला डोळे आहेत, हात आहेत, बेल्ट शेजारी लोंबतोय. त्याच्या आळसाचा दंड दुसऱ्याने का भरावा? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याची दोन उत्तरं आहेत.

पहिलं उत्तर प्रशासकीय आहे. रस्त्यावर पोलिसांना एक ओळख लागलेला माणूस हवा असतो. चालकाकडे परवाना आहे, गाडीला नंबर आहे. मागे बसलेल्या पाहुण्याकडे ओळखपत्र असेलच असं नाही. शिवाय गाडी हलवायची की नाही हे फक्त चालकाच्या हातात असतं. जोवर मागचे बेल्ट लावत नाहीत तोवर गिअर टाकायचा नाही, एवढी एक ताकद त्याच्याकडे आहे आणि कायदा तिच्यावरच भिस्त ठेवतो.

दुसरं उत्तर भौतिकशास्त्राचं. गाडी ताशी साठ किलोमीटरने जात असताना कशावर तरी आदळून जागच्या जागी थांबली, तरी आतली माणसं साठच्याच वेगाने पुढे जात राहतात. हा वेग इमारतीच्या चौथ्या-पाचव्या मजल्यावरून खाली पडल्यावर जमिनीशी असतो तेवढा. मागच्या माणसाच्या पुढे काय असतं? पुढची सीट, आणि त्या सीटवर बेल्ट लावून शहाण्यासारखा बसलेला माणूस. सत्तर किलोचं शरीर मागून त्याच्यावर आपटतं. २००२ मध्ये जपानी संशोधकांनी 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपल्या देशातल्या अपघातांच्या नोंदी तपासून मांडलं होतं, की मागचे प्रवासी बेल्टशिवाय असतील तर पुढे बेल्ट लावून बसलेल्यांच्या मृत्यूचा धोका जवळपास पाचपट होतो. म्हणजे 'माझा जीव, माझी मर्जी' हे मागच्या सीटवर बसून म्हणता येत नाही. मागच्याचा बेल्ट हा पुढच्याच्याही सुरक्षेचा भाग असतो. 'गाडीत एअरबॅग आहेत' हेही उत्तर अर्धवटच. एअरबॅग ही बेल्टच्या जोडीला म्हणून बनवलेली असते. बेल्ट शरीराला जागेवर धरून ठेवील हे गृहीत धरूनच ती फुगते.

'साहेब, बेल्ट लावा'

इथपर्यंत कायद्याचं तर्कशास्त्र मला पटतं. पुढे ते लंगडायला लागतं, आणि ते आपल्याकडच्या गाड्यांमध्ये कोण कुठे बसतं यामुळे. 

ज्या देशांत मालक स्वतःच गाडी चालवतो तिथे चालकावर जबाबदारी टाकणं म्हणजे यजमानावर टाकणं. आपल्याकडे शहरात मोठ्या गाडीचा चालक बहुधा पगारी असतो आणि मागे डावीकडे बसलेला माणूस त्याला पगार देतो. कायदा म्हणतो, साहेबांना बेल्ट लावायला सांग. गाडी मालकाची, नोकरी मालकाची, आणि पावती मात्र ड्रायव्हरच्या नावाने. 'अरे, दोन मिनिटांवर तर जायचंय' असं मागून आलं की कितीजण गाडी बंद करून बसतील? कलम १९४ब(१) मध्ये मागे बसलेल्या मालकाला हात लावणारा एकही शब्द नाही. 'वाहन चालवायला लावणारा किंवा चालवू देणारा' ही शब्दरचना कायद्याला माहीत नाही असं नाही. त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात, मुलांच्या बाबतीत, ती वापरली आहे. पहिल्यात वापरली नाही. माझ्या मते ही त्रुटी आहे. पगारी चालक असलेल्या गाडीत बेल्टची जबाबदारी मागे बसलेल्या मालकावरही यायला हवी.

टॅक्सीवाल्यांची तऱ्हा आणखी वेगळी. मुंबईत नोव्हेंबर २०२२ मध्ये सक्ती आली तेव्हा त्यांचा सवाल साधा होता: पॅसेंजर ऐकत नसेल तर आम्ही काय करायचं? भाडं नाकारलं तर कलम १७८(३) आहे. कायद्याविरुद्ध भाडं नाकारणाऱ्या टॅक्सीचालकाला पाचशे रुपयांपर्यंत दंड, रिक्षावाल्याला पन्नास. एकीकडे नेलं तर दंड, दुसरीकडे नाकारलं तर दंड, असं वरवर दिसतं. नीट वाचलं तर सुटका आहे. १७८(३) मध्ये शिक्षा आहे ती कायदा किंवा नियम मोडून भाडं नाकारण्याला. बेल्ट लावायला तयार नसलेल्या माणसाला नेणं हाच जिथे गुन्हा आहे, तिथे 'बेल्ट लावा, मग निघू' असं सांगून थांबणं म्हणजे बेकायदा नकार ठरू नये. पण हे वाद घालून पटवायला रस्त्यावर वेळ कोणाला असतो? ॲपवर एक तारा देऊन पॅसेंजर उतरून जातो.

अर्थात चालकांचीही बाजू सगळीच धुतल्या तांदळासारखी नाही. कित्येक टॅक्सींमध्ये मागचा बेल्ट असतो पण बकल सीट कव्हरच्या खाली गाडलेलं असतं. पॅसेंजर पट्टा ओढतो, खाच शोधतो, बोटं कव्हरच्या फटीत घालतो आणि शेवटी पट्टा सोडून देतो. अशा गाडीत 'पॅसेंजर ऐकत नाही' ही सबब चालणार नाही. बेल्ट वापरता येईल अशा स्थितीत ठेवणं ही गाडीची जबाबदारी आहे. कव्हर शिवून घेताना बकलसाठी भोक ठेवायला सांगणं एवढंच काम असतं. घरच्या गाड्यांतही हेच दृश्य दिसतं, विशेषतः मधल्या सीटवर.

मग ती क्लिप. बेल्ट न लावता अलार्म बंद पाडायला बकलमध्ये खुपसायचा धातूचा तुकडा. ऑनलाइन सर्रास मिळायचा, काही ठिकाणी बाटली उघडायचं ओपनर म्हणून. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये पाच मोठ्या विक्री संकेतस्थळांवरून अशा वस्तूंच्या १३,११८ जाहिराती काढायला लावल्या. पुढच्या सीटसाठी अलार्म २०१९ पासूनच सक्तीचा होता. एप्रिल २०२५ पासून नव्या गाड्यांत तो मागच्या सीटसाठीही आला. त्यामुळे निदान नव्या गाड्यांमध्ये ड्रायव्हरला साहेबांना सांगायची वेळ येणार नाही, गाडीच टोकेल.

मुलं

मुलांच्या बाबतीत कायदा जास्त कडक आहे आणि नेमका इथेच आपण सर्वांत ढिले असतो. १९४ब(२) प्रमाणे १४ वर्षांखालचं मूल बेल्टने किंवा मुलांसाठीच्या खास सीटने सुरक्षित केलेलं नसेल, तर गाडी चालवणाऱ्याला एक हजार रुपये दंड. आणि तशी गाडी चालवायला लावणाऱ्याला किंवा चालवू देणाऱ्यालाही. म्हणजे ड्रायव्हर चालवतोय आणि आईवडील मागे मुलाला मांडीवर घेऊन बसलेत, तर इथे त्यांच्यापर्यंतही कायदा पोहोचू शकतो.

मांडी म्हणजे कायद्याच्या लेखी बेल्ट नव्हे. आजीने नातवाला कितीही घट्ट धरलं तरी धडकेच्या क्षणी दहा किलोच्या बाळाचा जोर हातात मावण्यापलीकडे जातो. दोघांवर मिळून एक बेल्ट लावणं तर आणखी वाईट, कारण मोठ्या माणसाचं वजन पट्ट्यासकट बाळावर येतं. अगदी लहान बाळाची सीट मागच्या बाजूला, बाळाचं तोंड गाडीच्या मागे येईल अशी लावतात. पुढच्या सीटवर, समोर एअरबॅग चालू असताना, ती कधीच लावायची नाही. सनरूफमधून मुलांना उभं करून महामार्गावर नेणाऱ्या पालकांबद्दल मी इथे लिहीत नाही, लेख लांबेल.

ज्यांना हे लागू नाही

एसटीत किंवा बेस्टच्या बसमध्ये उभ्याने जाणाऱ्याला बेल्ट कुठून लावणार? त्यासाठी १९४ब(१) मध्येच सोय आहे. उभे प्रवासी नेणाऱ्या किंवा ठरावीक प्रकारच्या प्रवासी-मालवाहू वाहनांना राज्य सरकार अधिसूचना काढून वगळू शकतं. वडापच्या जीपचं प्रकरण मजेशीर आहे. मागे आडव्या, समोरासमोर सीट असलेल्या जीपमध्ये गुडघ्याला गुडघा लावून बसलेल्यांना नियम १३८(३) चा बेल्टचा आग्रह लागत नाही, कारण नियम बोलतो तो समोर तोंड असलेल्या सीटबद्दल. तिथे पोलीस कारवाई करतात ती बहुधा १९४अ खाली, जादा प्रवाशांबद्दल. घरच्या पाच सीटच्या गाडीत सात जण लग्नाला निघाले तर मात्र पळवाट नाही. पाच बेल्ट आणि सात माणसं, म्हणजे दोघे बेल्टशिवाय जाणारच, आणि त्याचा जाब चालवणाऱ्याला.

हेल्मेटशी तुलना करून एक सांगतो. हेल्मेट नसेल तर कलम १९४ड खाली हजार रुपये दंडाबरोबर तीन महिने परवाना निलंबित होण्याची शिक्षा आहे. १९४ब मध्ये फक्त दंड आहे. धोका तेवढाच असताना चारचाकीला ही सवलत का, याचं समाधानकारक कारण मला कुठे सापडलेलं नाही.

इतर देशांत काय?

जबाबदारी कोणावर टाकायची याबद्दल जगात एकमत नाही. ब्रिटनमध्ये १४ वर्षं किंवा त्याहून मोठा प्रवासी स्वतःच्या बेल्टला स्वतः जबाबदार असतो आणि दंड त्यालाच होतो. चालक जबाबदार फक्त त्याखालच्या मुलांसाठी. लंडनमध्ये भाच्याच्या गाडीत मागे बसलेल्या काकांनी बेल्ट लावला नाही तर पाचशे पौंडांपर्यंतचा दंड काकांना. ऑस्ट्रेलियात, जिथल्या व्हिक्टोरिया राज्याने १९७० मध्ये जगात सर्वांत आधी बेल्ट सक्तीचा केला, चालकालाही दंड होतो आणि मोठ्या प्रवाशालाही. संयुक्त अरब अमिरातीत २०१७ पासून सर्व सीटवर सक्ती आहे. कोणीही बेल्टशिवाय सापडलं तर ४०० दिरहम आणि परवान्यावर चार काळे गुण, आणि ते चालकाच्या. दुबईत नोकरी करणारा मराठी माणूस तिथे गाडीत बसल्याबरोबर बेल्ट लावतो आणि सुट्टीत पुण्याला आला की चुलतभावाच्या गाडीत मागे मोकळा बसतो. हा सवयीचा प्रश्न नसून पकडले जाण्याच्या शक्यतेचा आहे, असं मला वाटतं. 

तिन्हींत ऑस्ट्रेलियाची पद्धत मला आपल्यासाठी योग्य वाटते. चालकाला सोडू नये, कारण गाडी थांबवणं त्याच्या हातात आहे. पण धडधाकट प्रवाशाला त्याच्या पाठीमागे लपूही देऊ नये.

पावतीपेक्षा मोठं

हजार रुपयांची चर्चा करताना खरा पैसा कुठे अडकतो ते राहून जातं. अपघातात जखमी झालेला प्रवासी किंवा मृताचे वारस मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाई मागतात. रक्कम लाखांत, कधी कोटींत असते. विमा कंपनीचा वकील तिथे विचारतो: बेल्ट लावला होता का?

हा प्रश्न का विचारतात ते समजून घ्यायला हवं. अपघात प्रवाशाने केलेला नसतो. समोरच्या ट्रकने चुकीच्या बाजूने येऊन ठोकलं, त्यात मागे बसलेल्याचा काय दोष? अपघातात दोष नाही, पण इजा वाढण्यात असू शकतो. हा भेद इंग्लंडच्या अपील न्यायालयात लॉर्ड डेनिंग यांनी १९७५ च्या एका निकालात मांडला. जखमी माणूस चालक होता, चूक समोरच्याची होती, बेल्ट मात्र लावलेला नव्हता, आणि तेव्हा ब्रिटनमध्ये बेल्ट सक्तीचाही नव्हता. डेनिंग यांनी हिशोब घालून दिला: बेल्टने इजा पूर्णपणे टळली असती तर भरपाईतून २५ टक्के कमी, इजा बरीच सौम्य झाली असती तर १५ टक्के कमी, आणि बेल्टने काहीच फरक पडला नसता तर कपात शून्य. तिथे आजही याच आकड्यांपासून सुरुवात होते.

आपल्याकडे असे ठरलेले टक्के नाहीत. पण तत्त्व जवळचं आहे. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एका मोटारसायकलवर तिघे बसल्याचं प्रकरण आलं होतं. उच्च न्यायालयाने तिघे बसले म्हणून मृताच्या भरपाईतून १० टक्के कापले होते. सर्वोच्च न्यायालयाने ती कपात रद्द केली आणि सांगितलं की तिघांनी बसणं हा कायद्याचा भंग असला तरी तेवढ्यावरून दोष येत नाही. त्या भंगामुळे अपघात झाला, किंवा तो नसता तर आघात कमी झाला असता, हे दाखवावं लागेल. बेल्टला हीच फूटपट्टी लावली तर चित्र असं: 'बेल्ट नव्हता' एवढं म्हणून विमा कंपनीचं भागणार नाही. बेल्ट असता तर ही इजा टळली असती, हे तिला पुराव्याने मांडावं लागेल. गाडीची बाजू चिरडून पाय तुटला असेल तर बेल्टने काय फरक पडला असता? पण माणूस सीटवरून उडून काचेतून बाहेर फेकला गेला असेल तर कंपनीचं काम सोपं होतं. अशा दाव्यात पंचनामा, गाडीचे फोटो आणि डॉक्टरांनी नोंदवलेल्या जखमांच्या जागा महत्त्वाच्या ठरतात. छातीवर आणि कंबरेवर पट्ट्याचे तिरके वळ उठले असतील तर ते केसपेपरवर लिहून घ्यायला सांगावं, बेल्ट लावला होता याचा तो चांगला पुरावा असतो.

मागच्याने बेल्ट लावला नव्हता आणि तो गेला, म्हणून चालवणाऱ्यावर थेट मृत्यूचा गुन्हा लागतो का? निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) मध्ये आहे, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. तिथे मुख्यतः पाहिलं जातं ते गाडी कशी चालवली. वेग, ओव्हरटेक, दारू, झोप. नुसता बेल्टचा मुद्दा त्याला पुरेल असं मला वाटत नाही, पण वेगाच्या जोडीला तोही उभा राहिला तर चालकाची बाजू आणखी पडते.

शेवटी विम्याच्या कागदाकडे एकदा पाहा. खासगी गाडीच्या सर्वसमावेशक पॉलिसीत साधारणपणे आत बसलेल्यांना झालेली इजा धरलेली असते. स्वस्तात मिळते म्हणून घेतलेल्या फक्त थर्ड पार्टी पॉलिसीत तुमच्याच गाडीत फुकट बसवलेल्या माणसाची भरपाई द्यायला कंपनी नकार देऊ शकते. मग बेल्ट न लावता मागे बसलेल्या मेहुण्याच्या दाव्यात कपात होऊन जी काही रक्कम उरेल, ती गाडीमालकाला स्वतःच्या खिशातून भरायची वेळ येऊ शकते.